चारशे सतरा नंबरची पेटी

एकतिसाव्या फोटोवर तिचं बोट माउसवरच राहिलं. आधीचे तीस फोटो तिने अर्ध्या तासात हातावेगळे केले होते. लाकडी कपाट, आरशाला तडा. भिंतीवरचं घड्याळ, बंद. खुर्च्या चार, त्यातली एक दुसऱ्याच कुठल्या घरातून आलेली. गेली सव्वीस वर्षं ती हेच करत होती. लोक घरं बदलतात, मरतात, भांडतात, वाटण्या करतात, आणि मग सामानाची किंमत ठरवायला साहेबांना बोलावतात. साहेब किंमत सांगतात, ती टाइप करते. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू बघून काही वाटून घ्यायचं असतं, हे ती पहिल्या दोन वर्षांतच विसरली होती. एकतिसाव्या फोटोत लोखंडी पेटी होती. करडा रंग, पितळी कोपरे, झाकण उघडं, खाली सात खण. झाकणाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा आरसा, आरशात फोटो काढणाऱ्याच्या मोबाइलचा पांढरा ठिपका, आणि आरशाखाली पंच ठोकून काढलेले तीन आकडे. चार, एक, सात. सात किंचित डावीकडे कललेला, पाठीत उसण भरलेल्या माणसासारखा. साहेबांनी काचेपलीकडून विचारलं, काय झालं, मशीन बंद पडलं का. ती म्हणाली, नाही, खोकला आला. खोकला आला नव्हता, म्हणून मग तिने थोडं खोकून घेतलं.

तो सात कलला कारण ठोकताना शिंक आली, असं बाबा सांगायचे. कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलं की पहिल्या वर्षी प्रत्येकाने आपली पेटी आपण बनवायची, अशी टूलरूमची रीत होती. पत्रा कापायचा, वाकवायचा, खण एकमेकांत असे बसवायचे की ओढताना आवाज येऊ नये, आणि शेवटी झाकणाच्या आत आपल्या हजेरीच्या बिल्ल्याचा नंबर ठोकायचा. आरसा कशाला, असं तिने लहानपणी विचारलं होतं. डोळ्यात लोखंडाचा कीस गेला तर काढायला, बाबा म्हणाले. मग दाढी नाही करत? दाढी घरी करतो ना बाई, तिथे पोरं हसतील. बाबा गेले तेही दाढी करतानाच, घरी, सकाळी सव्वासहाला, अर्ध्या गालाला फेस. ती अकरा वर्षांची होती. तिला आता बाबांचा चेहरा नीट आठवत नाही, फेस मात्र आठवतो, आणि पेटीचा तिसरा खण आठवतो. सुट्टीच्या दिवशी बाबा पेटी घरी आणायचे, फडक्याला तेल लावून एकेक हत्यार पुसायचे, आणि तिसरा खण तिला उघडू द्यायचे. त्यात हिरव्या बनातीच्या कापडावर तीन इंची पोलादी पट्टी असायची. बाकीच्या खणांना हात लावायचा नाही. तिसरा तुझा. जगात तिला पुढे बरंच काही मिळालं, नोकरी, दोन खोल्या, थोडीफार इज्जत; पण तुझा म्हणून कुणी खण दिला नाही.

तिच्या सगळ्या रविवारांचा त्या पेटीने कसा चुथडा केला होता, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. जुन्या बाजारात मात्र सगळ्यांना माहीत होतं. तिथे तिचं नाव झाकणवाली बाई. नदीकाठच्या रस्त्यावर ताडपत्र्या अंथरून बसणाऱ्या भंगारवाल्यांकडे ती जायची आणि प्रत्येक पेटीचं झाकण उघडून आत बघायची. विकत काही घ्यायची नाही. सुरुवातीला ते वैतागत, मग चेष्टा करू लागले, मग सवय झाली, आणि शेवटी शेवटी तर नवा माल आला की तेच तिला हाक मारून विचारत, बाई, ही लष्कराची आहे का हो? ती नखाने कोपऱ्यातला रंग खरवडून सांगायची. लष्कराच्या पेटीला रंगावर रंग असतो, जितक्या बदल्या तितके थर. कारखान्यातली पेटी एकदाच रंगते, मग नुसती हाताने काळी पडते, कडीपाशी जास्त. कुठली मशीनवर झाली, कुठली हाताने, बिजागरी मूळची की बदललेली, सगळं ती शिकली होती, कुणी न शिकवता, निव्वळ निराश होऊन होऊन. एका भंगारवाल्याने एकदा विचारलं, बाई, झाकणात तुम्हाला काय दिसायचंय नेमकं? ती म्हणाली, नंबर. लॉटरीचा का? तोही हसला आणि तीही हसली, आणि घरी येताना तिला वाटलं होतं की आता पुरे. पण पुढच्या रविवारी पाय तिकडेच वळले. शोधायचा आता खरं तर कंटाळा आला होता, पण थांबायचं म्हणजे काय करायचं हे कळत नव्हतं.

आई सांगायची ते एका वाक्यात होतं. बाबा गेल्यावर दहाव्या दिवशी आई कारखान्यात गेली, आणि तिथल्या लोकांनी पेटी उघडून सगळी हत्यारं वाटून घेतली, तिच्या डोळ्यांदेखत, पेटीसुद्धा. आई हे रडून सांगत नसे. डाळीत खडा निघाला हे जितक्या आवाजात सांगावं तितक्याच आवाजात सांगे. पेटी कुणी नेली? बाबांचा जोडीदार, त्याच बेंचवर शेजारी उभा राहणारा, ज्याला सगळे मायक्रॉन म्हणत, कारण केसाच्या विसाव्या भागावरून तो भांडायचा. हा मायक्रॉन त्यानंतर त्यांच्या दारात पाच-सहा वेळा आला. एकदा तिच्या शाळेच्या निकालाच्या दिवशी आला होता, हातात काहीतरी लांबट कागदात गुंडाळलेलं. आई दाराच्या आत भिंतीला टेकून उभी होती, ओठांवर बोट. मुलीने खिडकीतून सांगितलं, आई घरी नाही. तो म्हणाला, बरं. मग थोडा वेळ तिथेच उभा राहिला, खिडकीतून आईच्या साडीचा काठ दिसत होता तिकडे बघत, आणि जिना उतरून गेला. पुढे कारखाना बंद पडला, माणसं पांगली, तो कुठे गेला कळलं नाही. तेव्हापासून ती एक वाक्य तयार करत होती. ही आमची आहे. विसाव्या वर्षी त्या वाक्यात शिव्या होत्या. तिशीत कायदा आला. चाळिशीत नुसता उपहास. आता त्रेपन्नाव्या वर्षी त्यात तीनच शब्द उरले होते आणि तेही बोलायला दम लागेल असं वाटत होतं.

पण वाक्य तयार होतं आणि पत्ता फाइलवर होता. शनिवारी घरातला म्हातारा, म्हणजे मायक्रॉनच असणार, मुलाकडे राहायला जाणार, त्याआधी सामानाची किंमत करून हवी, असं सुनेने कळवलं होतं. साहेबांचा हात थरथरतो, म्हणून लिहून घ्यायला ती नेहमीच बरोबर जायची. वेगळं निमित्त काढायची गरज नव्हती. बुधवारी सकाळी तिने बँकेतून पैसे काढून पर्समध्ये ठेवले. आपलीच वस्तू विकत घ्यावी लागली तर असू देत म्हणून. मग स्वतःचाच राग आला, आणि पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात ढकलून वर रुमाल ठेवला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. अर्धं सामान खोक्यांत गेलेलं, भिंतींवर चौकटींचे फिकट डाग. सून चाळिशीची, केस वर बांधलेले, हातात चिकटपट्टीचं रीळ. बोलताना मध्येच दाताने पट्टी तोडत होती. ती वाईट नव्हती, थकलेली होती, आणि थकलेल्या बाईला थकलेली बाई लगेच ओळखते. सासऱ्यांना सगळंच न्यायचंय, तिने सांगितलं, आमच्या दोन खोल्या, त्यांना कुठलं सांगून पटायला. तेव्हा असं ठरलंय की ज्याला काही किंमत येईल ते विकायचं, त्यात त्यांच्या औषधांचं भागेल. ज्याला येणार नाही ते, बघू, एखाददुसरं त्यांच्या पलंगाखाली राहील. ती लोखंडी पेटी तेवढी सांगा. त्या पेटीवरून रोज वाद आहे. दहा रुपयांचं भंगार असेल तर नेऊ देत बापडे, तेवढ्यासाठी आठवडाभर त्यांचा अबोला कोण सोसणार.

म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसला होता. तो इतका लहान झाला असेल असं तिला वाटलं नव्हतं. चाळीस वर्षं तिने ज्याच्यावर राग धरला तो उंच होता, जिना उतरताना डोकं वाकवणारा. या माणसाचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. त्याने साहेबांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि जरा जास्त वेळ तिच्याकडेच. या बाई लिहून घेणार का, त्याने विचारलं. साहेब म्हणाले, हो. उजव्या बाजूने बोलू नका, तो म्हणाला, तो कान पेन्शनीत निघालाय. तिला हसू आलं आणि आलं म्हणून राग आला.

सून आत खोक्यांना पट्टी लावत होती. पेटी टेबलावर होती. साहेबांनी चष्मा बदलला. खण एकेक ओढून बघितले, आवाज आला नाही. बनात मूळची, ते म्हणाले, पितळ मूळचं, बिजागऱ्या हाताने केलेल्या, रंगाला कुणी हात लावलेला नाही, वा. अशा पेट्या हल्ली दिवाणखान्यात ठेवायला घेतात लोक. एकतीस, लिहा. त्यांनी आकडा सांगितला. तिच्या दीड पगाराएवढा होता. तिने वहीवर पेन टेकवलं होतं, पण ती पेटीच्या आत बघत होती. खण रिकामे नव्हते. एकात चष्मा, एकात दोरा, एकात बिलं. तिसरा रिकामा होता. आरशाचा पारा उडाला होता आणि त्यात कुणाचंच तोंड धड दिसलं नसतं. सुनेने आतून हाक मारली, साहेब आतल्या खोलीतलं कपाट बघायला गेले, आणि चाळीस वर्षांचं वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं, पण अगदीच वेगळ्या आवाजात, बसमध्ये जागा मागावी तसं.

"ही आमची आहे."

"होय," म्हातारा म्हणाला. "चारशे सतरा. तू त्याची मुलगी. दारात आलीस तेव्हाच ओळखलं. आईसारखी उभी राहतेस, भिंत धरून."

तिने भिंतीवरचा हात काढला.

"तुम्ही वाटून घेतलीत."

"लिलाव केला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात ओशाळलेपण नव्हतं. मग तो सांगू लागला, मधूनमधून थांबत, श्वास गोळा करत. टूलरूमची रीत होती. आपल्यातला माणूस गेला की दहाव्या दिवशी त्याची पेटी बेंचवर मांडायची, घरच्यांना बोलवायचं, आणि एकेक हत्यार लिलावात काढायचं. नियम एकच, नव्याच्या किमतीपेक्षा कमी कुणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याच्याशी महिनाभर कुणी बोलायचं नाही. आणि लाज वाटायला नको म्हणून कुणी नुसतं देणगी म्हणून द्यायचं नाही. घ्यायचं, वस्तू घेऊन जायचं. तिच्या बाबांच्या मोडक्या मुठीच्या, दात गेलेल्या कानशीला एकाने सायकलच्या किमतीएवढे पैसे दिले. मायक्रोमीटर तर त्या पैशांत बाजारातून दुकानासकट आला असता. चाळीस माणसं होती. त्यातल्या तिघांना पुढच्या पगारावर उचल घ्यावी लागली. पेटी सगळ्यांत शेवटी निघाली.

"कितीला?" तिने विचारलं. सव्वीस वर्षांची सवय.

"तीन पगार. बायको आठ दिवस बोलली नाही. त्या काळी तीन पगारात अशा दहा पेट्या झाल्या असत्या. पण मला दहा नको होत्या. तुझी आई पूर्ण वेळ बसली होती. स्टुलावर. पदर डोक्यावरून घेऊन. एकेक वस्तू गेली की मान हलवायची. शेवटी फोरमनने पाकीट दिलं, तिने दोन्ही हातांनी घेतलं, आणि उठून गेली. कुणाकडे बघितलं नाही. मी म्हटलं, दुःखात आहे. पुढे घरी आलो तर दार बंद."

"का, ते विचारलं नाहीत कधी?"

"कुणाला विचारू? बंद दाराला?" म्हाताऱ्याने पेटीच्या कडीवर हात ठेवला. ती जागा काळी, गुळगुळीत झाली होती. "तुला हवी असेल, तर मी देणार नाही. आधीच सांगतो. त्याची होती, मग माझी झाली. मी ही नेणार. मुलगा काय म्हणायचं ते म्हणू दे."

असा नकार तिने कधी कल्पिला नव्हता. तिने ठरवलेल्या सगळ्या संवादांत तो खाली मान घालायचा, किंवा ओरडायचा, किंवा रडून पेटी तिच्या हातात द्यायचा, आणि प्रत्येक वेळी ती जिंकायची. आता तो साधा हट्ट करत बसला होता, आणि त्याचा हट्ट बरोबर होता. तिला एकदम शिलाई मशीन आठवलं. बाबा गेले त्याच महिन्यात घरात नवं मशीन आलं होतं, शाळेची दोन वर्षांची फी एकदम भरली गेली होती. पैसे कुठून आले, असं तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, कंपनीने दिले. त्या मशीनवर आईने तिला वाढवलं, लोकांचे झगे शिवून, कुणाकडे मिठाचा खडा न मागता. कोपऱ्यावर कारखान्यातलं कुणी दिसलं की आई तिचा हात धरून रस्ता ओलांडायची. चाळीस जणांचे उपकार घेऊन त्याच चाळीस जणांच्या गावात राहायचं, रोज कुणीतरी समोर यायचं, कसं चाललंय विचारायचं, आपण बरं आहे म्हणायचं आणि मनात कानशीची किंमत आठवायची. हे आईला जमलं नसतं. चोराला बघून निदान मान वर करून चालता येतं. म्हणून आईने त्यांना चोर करून टाकलं, आणि त्या चोरांच्या मागे एक मुलगी लावून दिली, जी रविवारी रविवारी झाकणं उघडत म्हातारी होत आली. हे सगळं तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि कळून काही हलकं वाटलं नाही. तिला बसावंसं वाटलं, पण सगळ्या खुर्च्यांवर खोकी होती.

साहेब बाहेर आले. ती जायला निघाली तेव्हा म्हातारा डाव्या कानामागे हात धरून म्हणाला, काय म्हणालात बाई? ती काहीच म्हणाली नव्हती.

दुपारी तिने यादी टाइप केली. तीस, भिंतीवरचा दिवा. एकतीस. तिने वहीकडे बघितलं. तिथे एकतीसच्या पुढे साहेबांनी सांगितलेला आकडा नव्हता; तिने लिहिलाच नव्हता, पेन टेकल्याचा नुसता ठिपका होता. आकडा तिला पाठ होता, ते काही निमित्त नव्हतं. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक शून्य इकडचं तिकडे झालं नव्हतं. साहेब तिचा कागद न वाचता सही करत, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता, कुणाला सांगता न येण्याजोगा. तिने एकतीसवर तांब्याची भांडी घेतली, बत्तीसवर आतल्या खोलीतलं कपाट, आणि यादी छत्तीसऐवजी पस्तीसवर संपवली. खाली नेहमीची ओळ घातली, की यात न आलेल्या वस्तूंना विक्रीमूल्य नाही. साहेबांनी सही केली. मग त्यांनी कागद परत द्यायला वेळ लावला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, आज लवकर जायचं असेल तर जा, चेहरा उतरलाय. त्यांनी वाचलं की नाही, हे तिला कळलं नाही. विचारण्याचं त्राण नव्हतं. पर्समधले पैसे जसेच्या तसे होते. ते तिने बँकेत परत भरले आणि खिडकीपलीकडच्या मुलीने, सकाळीच काढले होते ना, असं विचारलं नाही याबद्दल मनात तिचे आभार मानले. तिला मात्र ते फार पूर्वी काढल्यासारखे वाटत होते.

घरी ऊन अजून होतं. आई खिडकीत बसून जुन्या चादरीची उशीची खोळ करत होती, हाताने, कारण गुडघ्यांमुळे मशीनचं पायडल आता दाबता येत नाही. एक्याऐंशीव्या वर्षीही टाके सरळ रेषेत. ती समोर बसली, चपला तशाच पायात.

"पेटी सापडली," ती म्हणाली.

आईची सुई थांबली नाही. "कुणाकडे?"

"मायक्रॉनकडे."

"जिवंत आहे?"

"आहे. शनिवारी मुलाकडे जातोय, कायमचा. साहेबांबरोबर त्याच्या सामानाची किंमत करायला गेले होते."

आईने टाका ओढला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. तिला वाटलं की आता काही येणार नाही, आई खोळ उलटी करेल आणि उठून पाणी ठेवेल.

"साहेबांनी किती सांगितली किंमत?"

तिने आकडा सांगितला. आई तो आकडा तोंडात घोळवत राहिली. बेचाळीस वर्षांपूर्वीचा पगार आणि आजचा, मध्ये चढलेले भाव, सगळं तिच्या कपाळावर हलताना दिसत होतं.

"कमी आहे," आई म्हणाली.

या क्षणासाठी तिच्याकडे एक वाक्यही तयार नव्हतं. रागवावं, विचारावं, का केलंस असं. पण आईचे हात मांडीवर उघडे पडले होते, सुईने टोचून टोचून टोकं जाड झालेले, आणि तिला फक्त चपला काढाव्याशा वाटल्या. तिने त्या काढल्या. मग आईच बोलू लागली, खिडकीबाहेर बघत. कानस पहिली गेली, ती चष्मेवाल्याने घेतली, त्याच्या घरी तेव्हा चार पोरं. मग हातोडी, लोहारखात्यातल्या बुटक्याने. मायक्रोमीटरवर दोघे चढले, भांडणं लागायची वेळ आली, फोरमनने मिटवलं. काटकोन तपासायचा गुण्या रंगवाल्याने घेतला. छिन्न्यांचा जुडगा दोन भावांनी मिळून, आणि धाकट्याच्या पायात चप्पल नव्हती. आई नावं घेत नव्हती, नावं तिला कधी माहीतच नव्हती. माणसं सांगत होती, आणि प्रत्येकापुढे आकडा. कुठेही अडखळली नाही. तिन्हीसांजेचं ऊन खोळीवरून सरकत खाली गेलं तरी ती सांगतच होती, आणि मुलगी मोजत होती, सवयीने. एकोणचाळीस झाले तेव्हा आई थांबली.

"एक जण मागे खांबापाशी होता. टोपी हातात धरून. त्याने पोलादी पट्टी घेतली, तीन इंची. किती बोलला ते ऐकू आलं नाही. तेवढा एकाचा आकडा राहिलाय माझ्याकडून."

"मायक्रॉनला माहीत असेल."

"मग उद्याच जा," आई म्हणाली, आणि दोरा ओवायला सुई तिच्या पुढे केली. "आणि हे बघ, रिकाम्या हाताने जाऊ नकोस."